टिंबकर

टक्कल पडणं आणि टक्कल करणं यांत मराठीत एका क्रियापदाचा फरक आहे. त्या एका क्रियापदासाठी जो माणूस बायकोला आकडा सांगता येणार नाही इतके पैसे मोजतो, त्याला मी टिंबकर म्हणतो. खरं आडनाव काहीही असेल. तो ठाण्यात सापडतो, कोथरूडला सापडतो. आमच्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर राहतो.

टिंबकराचा संघर्ष तिशीतच सुरू झाला. आधी कांद्याचा रस. त्या महिन्यात लिफ्टमधून नुकतंच कोण गेलं, हे विचारावं लागत नसे. मग मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबावरचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून बघायची बुद्धी झाली. टिंबकर ते सकाळ-संध्याकाळ संध्या केल्याच्या नेमानं लावी. बाटल्यांच्या बिलानं रक्तदाब वाढला तो वेगळाच.

‘मी नॉरवुड पाच,’ असं तो मला एकदा जिन्यात हळूच म्हणाला. मला वाटलं, पाचवा वेतन आयोग. मग कळलं, की हॅमिल्टन नावाच्या संशोधकांनी १९५१ साली पुरुषांच्या टकलांची प्रतवारी लावली आणि नॉरवुड यांनी १९७५ साली ती सुधारून रूढ केली. एकूण पायऱ्या सात. सातवी म्हणजे मागे कानापासून कानापर्यंत नुसती झालर. टिंबकराचे वडील सातवे. ते चाळीस वर्षं सातवेच आहेत, आणि ऊन फार झालं की डोक्यावर ओला पंचा टाकतात. त्या विषयाशी त्यांचा संबंध एवढाच.

पुढे टिंबकरानं ऑफिसात ‘दाढ काढायचीय’ म्हणून दहा दिवसांची रजा टाकली आणि केस लावून घेतले. शस्त्रक्रिया पट्टीची. डोक्याच्या मागून कातडीची लांब पट्टी काढायची, तिच्यातलं एकेक मूळ सोडवायचं आणि पुढे रोवायचं. कोकणातली भातलावणीच ती. नवं काही उगवत नाही, मागच्या वाफ्यातला तरवा पुढे जातो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा धरतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ते सकाळी उशीवर दिसले, की डॉक्टर आठवत नाहीत. त्यांतले काही टिंबकरानं पाकिटात, बालाजीच्या फोटोमागे जपून ठेवले होते.

पीक आलं, नाही असं नाही. पण लावणीच्या मागचे मूळचे केस आपल्या गतीनं जातच राहिले. पाच-सहा वर्षांत पुढे कुंपण आणि आत माळरान. शिवाय मागे ती रेघ. केस बारीक करावेत तर व्रण दिसतो, वाढवावेत तर माळरान. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं एकदा मान वाकवून विचारलं, ‘साहेब, हे मागे काय लागलंय?’

‘लहानपणी झाडावरून पडलो होतो.’

‘पट्टी घेऊन पडला होता का?’

त्या दिवसापासून टिंबकरानं न्हावी बदलला. आणि इथेच त्याला ठिपक्यांचा शोध लागला.

युक्ती साधी आहे. बारीक सुईनं टाळूच्या कातडीत रंगाचे टाचणीच्या टोकाएवढे हजारो ठिपके टोचायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, डोकं गच्च केसांचं आहे, फक्त याला मशीन मारायची हौस आहे. गोंदणाचीच बहीण, पण सुई गोंदणाइतकी खोल जाऊ द्यायची नाही. गेली तर ठिपका पसरतो, निळसर पडतो. व्रणाची जागा सगळ्यांत लहरी. तिथली कातडी कधी रंग धरतच नाही, कधी टीपकागदासारखा पसरवते. म्हणून तिथे आधी थोडंसं टोचून, थांबून, मग पुढे जायचं. दोन-तीन बैठका, मध्ये आठ-पंधरा दिवस.

खरी लढाई झाली ती कपाळावर. कारागिरानं पेन्सिलीनं पन्नाशीला शोभेल अशी रेषा काढली, कडेला जरा मागे सरकलेली, थोडी तुटक. टिंबकरानं खिशातून कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला फोटो काढला. कारागीर म्हणाला, ‘सर, दाढी पांढरी आहे तुमची.’ टिंबकर ऐकेना. शेजाऱ्याचा बांध कोरावा तसा तो दर बैठकीला बोटभर पुढे सरकत होता. शेवटी बोटभर कमी आणि रंगात थोडी राखाडी झाक, या अटींवर तह झाला. तो कारागीर शहाणा होता, एवढं मी म्हणेन.

ठिपक्यांशी जुळावं म्हणून उरलेलं सगळं डोकं उतरवावं लागतं. पहिल्या बैठकीनंतर टिंबकर गोटा करून टोपी घालून घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी टोपीशिवाय दूध आणायला खाली उतरला. दहाच्या सुमारास तळमजल्यावरच्या काकू पांढरी साडी नेसून, चेहरा पाडून वर गेल्या. बेल वाजवली. दार उघडलं टिंबकराच्या वडिलांनी. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आत भिंतीकडे पाहिलं, आणि वाटीभर साखर मागून परत आल्या.

आई निराळ्याच मुद्द्यावर अडली होती. ‘गोंदलेलं तेवढं मेल्यावर बरोबर येतं म्हणतात. तुझं हे टिकणार किती?’

‘काही वर्षांनी फिकं होतं. मग परत भरायचं.’

‘म्हणजे बरोबर यायचं दूरच, तुझ्याआधी तेच जायचं.’

बायकोनं एकच वाक्य टाकलं. ‘ठिपके झाले असतील तर रेघा कधी जोडताय? दिवाळी आलीय.’

आता टिंबकर सुखी आहे म्हणावं, तर त्याला वेळ नाही. उन्हानं रंग उडतो म्हणून टोपी, टोपी नसेल तर मलम. ट्यूबलाइटखाली डोकं चकाकलं तर बिंग फुटतं, म्हणून चकाकी मारणारं दुसरं मलम. बाजूचे खरे केस वाढले की ठिपके ठिपके दिसायला लागतात, म्हणून दर दोन दिवसांनी मशीन. वीस वर्षं ज्यांच्यासाठी नवस केले, ते उरलेसुरले केस तो आता उगवल्या-उगवल्या कापतो. पहिल्या पावसात छत्री विसरला, तेव्हा रंग पाण्यानं जात नाही हे पक्कं माहीत असूनही जिन्यात उभा राहून पांढऱ्या रुमालानं डोकं टिपत आणि रुमाल उजेडाला धरून बघत होता. पण कुणी ‘काय हो, केस उडवलेत?’ असं विचारलं, की त्याच्या तोंडावर जे तेज येतं ते पाहावं. ‘हो, उन्हाळ्यात बरं पडतं,’ असं तो अगदी सहज म्हणतो. तेवढ्यासाठीच सगळं केलंय.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो होतो. टिंबकर वडिलांच्या पाया पडायला वाकला. वडिलांनी आशीर्वादाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, जरा जास्तच वेळ ठेवला. मग हात उचलला, तळवा पाहिला, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून धोतराला पुसला.