मी नव्हे, तुम्ही

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं. त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार असावा, असा त्याचा अर्थ. आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या अकरावीच्या मुलांनी बिल्ले लावले, एसटीत जागेवरून भांडणं उरकली, आणि चाकण यायच्या आत या चोवीस तासांपैकी वहीत किती धरणार, याची चौकशी सुरू केली.

योजना सुरू झाली १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास सेवा करायची, शिवाय सात दिवसांचं एक निवासी शिबिर; मग प्रमाणपत्र. गांधीजी त्यामुळे फोटोपुरते राहिले आहेत आणि खरा कारभार तासांच्या वहीकडे आहे. आमच्याकडे ही वही कॉमर्सच्या एका मुलाने स्वतःहून मागून घेतली होती. पहिल्याच दिवशी त्याचं नाव हिशोबनीस पडलं आणि त्यालाही ते आवडलं.

“मॅडम, प्रवास धरायचा का?”

“प्रवास ही सेवा नाही.”

“मला उलटी होतेय,” मागच्या बाकावरून एक क्षीण आवाज आला.

“तीही नाही.”

“पण त्याच्यासमोर पिशवी मी धरली. ती?”

हिशोबनीसाने भूगोलाच्या सरांकडे पाहिलं. सर आमचे कार्यक्रम अधिकारी. त्यांनी जरा विचार करून रुग्णसेवेखाली अर्धा तास मंजूर केला. राजगुरुनगरपर्यंत पिशवी धरायला रांग लागली होती.

मी मराठी शिकवते. शिबिरात मुली असल्या की सोबत शिक्षिका लागते, आणि आमच्या इतर सर्व शिक्षिकांच्या घरी नेमक्या त्याच आठवड्यात लग्नं निघाली होती. समाजसेवेची ओढ ती एवढीच.

गाव जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या वाटेवर. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. रोजचा कार्यक्रम छापील होता: पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मधे दोन ठिकाणी ‘परिसर अभ्यास’ असं लिहिलेलं होतं. सहल असं लिहिलं की परवानगी मिळत नाही, हे सरांना अनुभवाने ठाऊक.

प्रभातफेरीचा उद्देश गावाला जागं करणं. आम्ही सहाला घोषणा देत निघालो तेव्हा गावाच्या धारा काढून झाल्या होत्या, पाणी भरून झालं होतं आणि निम्मा गाव शेतावर पोचला होता. डोळे फक्त आमच्याच पोरांचे मिटलेले. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही घोषणा चहूबाजूंनी डोंगर आणि रान असलेल्या गावात दुमदुमली. हिरड्याच्या झाडाखाली बसलेल्या एका आजींनी आदराने विचारलं, “तुमच्याकडं नाय का लावत कुणी?” स्वच्छतेच्या घोषणेच्या वेळी तर फार अडचण झाली. अंगणं शेणाने सारवलेली, कुठे काडी नाही. आणि फेरी गेलेल्या वाटेवर क्रीम बिस्किटांचे पाच-सहा कागद, ताजे.

श्रमदानाचं मुख्य काम म्हणजे ओढ्यावर वनराई बंधारा. याला सिमेंट लागतं ते फक्त गोण्यांवरच्या छपाईत. रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं सुतळीने शिवायची, ओढ्यात आडवे थर रचायचे आणि फटींत चिकणमाती ठासायची. पावसाळा संपल्यावर वाहून जाणारं पाणी अडतं, विहिरींना उतरतं, गुरांना होतं, आणि पुढच्या पावसात बंधारा वाहून गेला तरी कुणाचं नुकसान नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याला मुलांचा स्वभावही माहीत असावा, कारण काम इतकं सोपं आहे की ते चुकवायला बुद्धी लागते. आमच्याकडे ती भरपूर.

योजनेचं ब्रीद आहे, ‘मी नव्हे, तुम्ही’. टिकाव-फावडी पुढे आली तेव्हा सगळ्यांना ते एकदम आठवलं. “तू घे.” “छे, आधी तू.” लखनौच्या नबाबांची गाडी चुकावी इतका नम्रपणा. शेवटी सरांनी हजेरीच्या क्रमाने फावडी वाटली. गोण्या झटकल्यावर उरलेल्या सिमेंटने सगळे एकसारखे राखाडी झाले, तेव्हा हजेरी घेणंही अवघड झालं. मुलांनी ताकद दाखवायला गोण्या गळ्यापर्यंत भरल्या. मग त्या उचलेनात. रिकाम्या करून पुन्हा भरल्या. हे दोन्ही वेळचे तास लागले. शिवणकामाला मुलीच हव्यात असं एका मुलाने म्हटलं, म्हणून सूड घेत मुलींनी दाभण त्याच्याच हातात दिलं. अर्ध्या तासाने त्याने तीन गोण्या आणि स्वतःच्या शर्टाची बाही अशी मजबूत शिवली की सुतळी कापायला कोयता आणावा लागला.

ओढ्याकाठी एक तात्या बसून होते. गोणी पाऊणच भरावी म्हणजे ती नीट बसते, खालच्या दोन गोण्यांच्या फटीवर वरची गोणी यावी, हे ते अधूनमधून हवेला सांगत. सरांच्या हातात मात्र संकेतस्थळावरून छापून आणलेलं पत्रक होतं. पत्रकातला बंधारा सरळ होता. आमचा दुपारपर्यंत जरा डावीकडे कलला, आणि ओढ्याने तो नकाशातल्या नदीसारखा वळसा घालून पार केला. भूगोलाच्या सरांना त्यातही खनन आणि संचयन दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर बंधारा सरळ उभा. दोन थर उंच, आणि मागे गुडघाभर पाणी. मुलं आपल्या कर्तृत्वाकडे बघतच राहिली.

“झ्याक बांधलाय तुमी,” तात्या म्हणाले. “आमी राती जरासा नीट केला, इतकंच.”

नीट केला म्हणजे तळापासून उपसून पुन्हा रचला, हे चिखलातल्या पावलांवरून कुणालाही कळलं असतं. दिवसभर शेतात राबून आलेले दहा-बारा गडी कंदील घेऊन आमचं श्रमदान दुरुस्त करत होते. यापुढे तोच नेम पडला: दिवसा आम्ही बांधायचं, रात्री गावाने. हिशोबनीस प्रामाणिक मुलगा. त्याला प्रश्न पडला, “सर, रात्रीचे तास आपल्यात धरायचे की त्यांच्यात?” सरांनी तो रकाना रिकामा ठेवायला सांगितला.

जेवणाचं म्हणाल तर एकेका वाडीने एकेक वेळ वाटून घेतली होती. बाया पहाटे उठून दोन-दोनशे भाकऱ्या थापत. त्यांना दुपारच्या कार्यक्रमात आमच्या मुलींनी हात धुण्याच्या सात पायऱ्या शिकवल्या. बायांनी त्या कौतुकाने पाहिल्या आणि हात धुऊन पुन्हा पिठात घातले. पंगतीत ब्रीदवाक्य कुणालाही आठवलं नाही. पिठलं वाढणारा दारात दिसला की आधी मी, नंतर मी, आणि उरलं तर तुम्ही.

रात्री व्यसनमुक्तीवर पथनाट्य झालं. दारुड्याचं काम करणाऱ्या मुलाने ते इतकं रंगवलं की गावाने त्याला पुन्हा बोलावून घेतलं, तिसऱ्यांदाही घेतलं. बायको आणि डॉक्टर यांचे संवाद गावकऱ्यांनी वन्समोअरच्या गडबडीत कापून टाकले. दुसऱ्या दिवसापासून गावातली लहान पोरं झोकांड्या देत चालायला लागली. अहवालात आम्ही ‘प्रभावी जनजागृती’ असं लिहिलं आहे.

जुन्नर तालुका बिबट्यांसाठी प्रसिद्ध. त्यांचा मुख्य वावर पूर्वेकडच्या उसात असतो, हे मी मुलींना नकाशावर दाखवलं. पण रात्री दोन वाजता नकाशाचा उपयोग नसतो. एकीला बाहेर जायचं असलं की सगळ्यांना जायचं असे, आणि पुढे बॅटरी घेऊन मराठीची शिक्षिका. हे तास कुठल्याच वहीत नाहीत.

परिसर अभ्यासात मुलांचा खरा जीव होता. नाणेघाटात कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून सातवाहनांच्या काळात जकात घेत, असं सांगतात; ती टाकण्याचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. एक मुलगा रांजणाला कपाळ लावून बघत होता. फास्टॅग स्कॅन होतो का म्हणे. सरांनी दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार समजावायला सुरुवात केली, तोवर अर्धी मुलं कड्यावर जाऊन कोकणाच्या दिशेने हाका मारत होती. पावसाळ्यात इथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो आणि ते बघायला येणारी माणसं वेफर्सची पाकिटं टाकून जातात. आम्ही ती गोण्या भरून गोळा केली. मग दमलो म्हणून वेफर्स खाल्ले. तीही पाकिटं त्याच गोण्यांत टाकल्यामुळे संकलनाचा आकडा चांगला आला.

गुहेत मात्र मुलं थोडी गप्प झाली. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे इथे ओळीने कोरलेले होते. आता नुसती पावलं उरली आहेत, आणि वर कोण कोण होतं त्यांची नावं. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मीत लांबलचक लेख आहे, नागनिका राणीचा मानला जातो. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांनिशी. ब्राह्मी अंकांचे अगदी जुने नमुने या भिंतीवर सापडतात. हिशोबनीस ते ऐकून भारावला. लेखाच्या जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला.

“म्हणजे सर, हा त्यांचा कार्यअहवाल?”

“तसं म्हण.”

“मग खाली प्राचार्यांची सही?”

मला हे निरीक्षण नागनिकेवर झालेल्या पुष्कळ भाषणांपेक्षा खोल वाटलं. दान दगडावर कोरून ठेवण्याची निकड दोन हजार वर्षांपूर्वीही होती, तर आमच्या पोरांनी वहीसाठी जीव टाकला यात नवल काय?

दुसऱ्या अभ्यासाच्या दिवशी एकाच फेरीत शिवनेरी, लेण्याद्री आणि खोडद उरकायचं होतं, म्हणजे शिवराय, गणपती आणि आकाशगंगा. शिवनेरीचे सात दरवाजे मुलं न कुरकुरता चढली आणि जन्मस्थळापाशी आपोआप चपला काढून उभी राहिली. तिथे मला काही सांगावं लागलं नाही. खोडदच्या परिसरात पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी पकडतात, म्हणून आवारात मोबाइल बंद. गावात रेंज नव्हती, फक्त पाण्याच्या टाकीवर चढून एक हात वर केला तर एक काडी यायची. इथे रेंज आली तर फोन बंद. “अब्जावधी वर्षांपूर्वीचं ऐकू येतं,” एक मुलगी चिडून म्हणाली, “आणि आईला ‘पोचले’ म्हणून सांगता येत नाही.”

घात लेण्याद्रीला झाला. बौद्ध लेण्यांतल्या एका विहारात इथे गिरिजात्मज बसला आहे, आणि तीनशेच्या आसपास पायऱ्यांवर माकडं. त्यांना केळी, पेरू, पर्स असं सगळं चालतं. त्या दिवशी एका धिप्पाड हुप्प्याने हिशोबनीसाच्या काखेतली वही ओढली, झाडावर जाऊन शांतपणे चाळली आणि मधली पानं खाल्ली. रुग्णसेवा, प्रभातफेरी, बंधारा, सगळं गेलं. पोरगा गणपतीपुढे रडला. बाकीच्यांनी त्याला धीर दिला, आणि तो धीर देण्याचा वेळ कुठे लिहायचा, असं या खेपेला कुणी विचारलं नाही.

समारोपाला सरांनी तात्यांना गाठलं. वही फाटली, तेव्हा मुलांनी किती तास काम केलं याचं दोन ओळींचं पत्र गावाने द्यावं.

“लिवतो की. किती लिवू?”

हिशोबनीसाने आठवून, घाबरत एक आकडा सांगितला.

“एवढंच?” तात्यांना वाईट वाटलं. “आमचं रातचं बी त्यातच धरा. आमाला कुठं परमाणपत्र पायजे?” त्यांनी सही केली, सरपंचांकडून शिक्का आणवला आणि पत्र मुलाच्या हातात दिलं. मग माईकवर येऊन म्हणाले, “पोरं लई गुणाची. पुढल्या साली जरूर या. फकस्त दिवाळी झाल्या झाल्या या, तवा वढ्याला पानी आसतं. आन येताना गोन्या जास्त आना, पोरं कमी.”