डिकीतलं भोक

आमच्या घरी जो ट्रान्झिस्टर होता, त्याचा स्पीकर पुरीएवढा होता. पाणीपुरीच्या पुरीहून मोठा, श्रीखंडाबरोबरच्या पुरीहून लहान. त्या पुरीतून मी आर. डी. बर्मनची यच्चयावत गाणी ऐकली, आणि ती पूर्ण ऐकली अशी माझी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत प्रामाणिक समजूत होती. मग एका रविवारी भाच्याने माझ्या डोक्यावर त्याचे हेडफोन चढवले आणि म्हणाला, "मामा, खाली ऐक."

मी फरशीकडे बघितलं.

"अरे, गाण्यात खाली!"

गाण्यात खाली कोणीतरी चालत होतं. दमदार पावलं टाकत, मध्येच एखादी पायरी गाळत, पुन्हा वळून वर येत. चाळीत इतकी वर्षं काढावीत आणि आपल्या खालच्या मजल्यावरही बिऱ्हाड आहे हे एक दिवस अचानक कळावं, तसं झालं. पंचमच्या, म्हणजे आर. डीं.च्याच, वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत हे मी वाचलेलं होतं, पण ते मतदारयादीत नाव वाचल्यासारखं. माणूस आत्ता भेटला. पुरीएवढ्या स्पीकरला इतके खर्जातले स्वर ढकलण्याची ताकदच नसते. वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो, असं भाच्याने सांगितलं. म्हणजे चाळीस वर्षं बास गिटार मीच मनातल्या मनात वाजवत होतो. मानधन कोणी दिलं नाही.

असला आवाज घरात करायचा तर आमच्याकडे दोन सभागृहांची मंजुरी लागते, बायकोची आणि सोसायटीची. राहिली गाडी. गाडीत माझी सत्ता चालते, शेजारच्या सीटवर कोणी नसेल तेव्हा.

भाच्याने टेप आणून गाडी आतून मोजली, शिंपी जावयाला मोजतो तशी. पुढच्या काचेपासून डिकीच्या दारापर्यंत अडीच मीटर. मग त्याने मला बसवून समजावलं. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर धावतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर 41 हर्ट्झचा, त्याची एक लाट आठ मीटरांहून लांब. आमच्या हॉलमध्येही ती मावत नाही. आमच्या एवढ्याशा गाडीत ती शिरते म्हणजे लोकलच्या डब्यात वरात शिरल्यासारखं. त्यामुळे साधारण 70 हर्ट्झच्या खाली गाडीत लाट हिंडत-बिंडत नाही. आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते, सायकलच्या पंपातल्यासारखी. स्वर जितका खाली, तितका गाडी आवाज वाढवते. कागदावर सप्तकामागे 12 डेसिबल. प्रत्यक्षात दारांच्या फटींतून, पत्र्यातून थोडं गळतं.

"12 डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद जवळजवळ सोळापट केल्यासारखं, मामा. आणि हे गाडी फुकट देते."

फुकट हा शब्द आला तसा मी सरसावून बसलो.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. कारण बंद पेटीतला स्पीकर आपल्या ठरावीक स्वराच्या खाली गेला की सप्तकामागे 12 डेसिबलने आवाज टाकत जातो. पेटी जेवढं घेते तेवढंच गाडी परत करते. व्यवहार चोख, सूर सपाट. भाच्याला हे सगळं पाठ होतं. पण वय वर्षं बावीस. बंद पेटी त्याला मूगडाळीच्या खिचडीसारखी वाटत होती. त्याला भोक हवं होतं.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, ते हे भोक. बाटलीतली हवा स्प्रिंग होते, मानेतली हवा त्या स्प्रिंगवर खालीवर नाचते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित बसवलं. पंचमने गणिताशिवाय बाटल्या फुंकल्या आणि 'शोले'तल्या 'मेहबूबा मेहबूबा'त घातल्या. आणि आमच्या आत्याला तर फुंकावंही लागत नाही. नळाखालच्या हंड्याचा सूर चढायला लागला की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "हंडा भरत आलाय रे, नळ बंद कर!" आत हवेला जागा कमी, सूर वर. स्पीकरच्या पेटीतही तेच. पेटी मोठी केली किंवा भोकातली नळी लांबवली तर सूर खाली, नळी आखूड केली किंवा रुंद केली तर सूर वर. 1961 साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे असं मांडून ठेवलं की आजही पेट्या त्यांच्याच आकड्यांवर बनतात. ज्यांचं आडनाव स्मॉल त्यांनी जगभरच्या डिक्या भरून टाकल्या.

आमचा आकडा ठरला: आत 50 लिटर जागा, चार इंची नळी, सूर 35 हर्ट्झ, म्हणून नळीची लांबी 31 सेंटिमीटर. हे सगळं कागदावर लिहून मी सुतारमिस्त्रींकडे गेलो. हे मिस्त्री देव्हाऱ्यांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"अठरा एमएमचा एमडीएफ, सगळीकडून फेव्हिकॉल, वर स्क्रू, वर सिलिकॉन. मुंगी जाता कामा नये, बरोबर?"

"बरोबर."

"आणि मग हे चार इंचाचं भोक?"

मी हेल्महोल्ट्झ सांगायला सुरुवात केली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. ज्या माणसाने आयुष्यभर देवाला दारं बसवली, त्याला बिनदाराची आणि भोकाची पेटी पटवणं अवघड असतं. तरी चार दिवसांत पेटी तयार झाली. कोपरे गोल, कडा घासलेल्या, आणि सवयीने दर्शनी बाजूला बारीक कमळ कोरलेलं.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पहिली चाचणी झाली. भाच्याने 20 पासून 120 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावला. सुरुवातीला काहीच नाही. फक्त नंबरप्लेट थरथरली. मग 45च्या आसपास डिकीतला जॅक जागा झाला, पाठोपाठ दाराचं पॅड. 50ला डॅशबोर्डवरचा गणपती जागेवरून हलला आणि अत्यंत संथपणे डावीकडे निघाला. मी त्याला दोन्ही हातांनी धरेपर्यंत वॉचमन धावत आला. तिसऱ्या मजल्यावरून फोन आला होता: पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, लगेच बंद करा. त्याने पंप बंद केला होता. आवाज थांबत नव्हता म्हणून तो मेन स्विचही पाडायच्या बेतात होता.

जॅकला फडकं गुंडाळलं, नंबरप्लेटमागे फोम लावला, गणपतीला दुहेरी टेपने चिकटवून क्षमा मागितली. मग पंचम लावला. आणि काय सांगू, खालच्या मजल्यावरचा माणूस जो सात-आठ पायऱ्या चढत-उतरत होता, तो आमच्या गाडीत एकाच पायरीवर उड्या मारत होता. बाकीचे स्वर येऊन जात, आणि 50च्या आसपासचा आला की ढुम्म! गाणं कुठलंही असो, ढुम्म तेच. आपल्या विजेचीही वारंवारता 50 हर्ट्झच. टोनी वाझ ऐकायला निघालो आणि हाताला महावितरण लागलं.

भाच्याने संशयाने भोकात हात घातला. 31 सेंटिमीटरची नळी म्हणजे हात कोपराच्या जवळ जायला हवा. नळी मनगटाआधीच संपली.

"साहेब, तो पाइप आत मागच्या फळीला टेकायला लागला होता," मिस्त्री फोनवर म्हणाले. "साडेचार इंच ठेवला, बाकीचा कापला. आत कोण बघतंय?"

अर्धा मुद्दा त्यांचा बरोबर होता. नळीच्या टोकाला मोकळी हवा लागते, ती आम्ही मोजलीच नव्हती. पण साडेअकरा सेंटिमीटरच्या नळीने सूर थेट 50वर नेऊन ठेवला होता आणि त्यावर गाडी आपलं फुकटचं दान ओतत होती. दुरुस्ती पुढच्या रविवारी ठरली. तो रविवार यायच्या आत भाच्याला बंगळुरूची नोकरी लागली. दीड महिना मी बातम्या ऐकत गाडी चालवली.

जानेवारीत कोरेगावहून आत्याला आणायला गेलो. तिने डिकीत वाघ्या घेवड्याची पिशवी, हळद, दोन भोपळे आणि एक गोधडी स्वतःच्या हाताने रचली. मला हात लावू दिला नाही. निघाल्यावर तिला गाडी लागू नये म्हणून तिची काच उघडी ठेवली आणि तिचं लक्ष वळवायला गाणं लावलं.

खालच्या मजल्यावरचा माणूस चालत होता. सगळ्या पायऱ्यांवरून.

मी मनाशी म्हटलं, काच उघडी आहे, दाब बाहेर जातोय, म्हणून ढुम्म गेलं. हे काही खरं नव्हे. खंबाटकीच्या बोगद्याआधी धुराच्या भीतीने आत्याने काच वर केली. मी श्वास रोखला. तो माणूस चालतच राहिला, उलट आणखी चार पायऱ्या खाली उतरून आला. दीड महिन्यात पहिल्यांदा गणपतीच्या टेपवर ताण नव्हता.

घरी येऊन डिकी उघडली. कमळाच्या शेजारच्या भोकातून तपकिरी लोकर डोकावत होती.

"ती पिशवी कोपऱ्यात उसवलीय," आत्या म्हणाली. "घेवडा त्या पाइपात घरंगळत होता. तुझी कानटोपी होती मागच्या सीटवर, तिच्यात मफलर कोंबला आणि दिला बोळा घालून. एवढं भोक उघडं ठेवतं का कोणी? पाल जाईल एखादी."

मी बंगळुरूला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मामा, ती आता बंद पेटी झाली," भाचा म्हणाला. मग थोडं थांबून, पडेल आवाजात, "टोपी काढू नकोस."

त्यामुळे हल्ली सकाळी टेकडीवर मी उघड्या कानांनी जातो. बायको म्हणते, अहो, शंभर रुपयांत नवी टोपी मिळते. मिळेल, पण ती कुठे घालायची यावर वाद होईल. आत्याने त्याच संध्याकाळी घेवडा मापट्याने मोजला आणि मूठभर कमी भरतोय म्हणून दुकानदाराला नावं ठेवली. तो मूठभर पेटीत आहे. टोनी वाझ जाड तारेवर उतरले की डिकीतून अगदी बारीक खुळखुळ ऐकू येते, आणि ती तालात असते.