एडचं येड

एड ग्रीनवुडचा भगत ओळखायला सोपा असतो. तो एडला कधी लेखक म्हणत नाही. ‘एडने लिहिलंय’ असं वाक्य त्याच्या तोंडून निघायचं नाही. तो म्हणतो, ‘एडने सांगितलंय.’ तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा तसं. जमीन आहे ती आहेच, नोंद तेवढी तलाठ्याकडे.

असा एक भगत आमच्या टोरांटोच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. जन्माने इथलाच, पन्नाशी उलटलेली, दाढी राखलेली. ती एडसारखी व्हावी अशी फार इच्छा, पण एडची दाढी पांढरीशुभ्र आणि भरघोस, आणि याची गालावर येते न येते. बाकी माणूस सरळमार्गी, हिशेबाला चोख. मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर ‘ड्रॅगन’ हा शब्द चुकूनसुद्धा काढायचा नाही. मी एकदा काढला. चिनी नववर्षाबद्दल बोलत होतो.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो सांगतो, ‘तुम्ही दाराशी आलात, आतून गुरगुर ऐकू येतेय.’ बाकीच्यांत कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरवायचं. आता हे दार कुठल्या गावात, ते गाव कुठल्या राज्यात, तिथल्या राजाचं आणि सरदारांचं का बिनसलं, हे कोणीतरी आधी ठरवून ठेवलेलं बरं असतं. ठरवून ठेवण्याच्या या कामात एड ग्रीनवुडचा हात धरणारा माणूस नाही.

एड १९५९ सालचा, टोरांटोचाच. ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाचं आपलं जग त्याने रचायला घेतलं १९६७ च्या सुमारास. खेळ निघायला अजून सात वर्षं अवकाश होता आणि एडचं वय होतं आठ. आठ वर्षांचं पोर गोष्ट लिहायला बसलं तर नायक म्हणून एखादा राजपुत्र घेईल, नाहीतर आठ वर्षांचं पोर घेईल. एडने घेतला मर्ट नावाचा सावकार. जाडा, धापा टाकणारा, वय झालेला, आणि मागे लागलेल्या लोकांना चुकवत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पळणारा. हे सांगताना भगताचा आवाज कापरा होतो. “आठव्या वर्षी!” तो म्हणतो. “आठव्या वर्षी मी नाकात मणी अडकवून घेतला होता.”

पुढे एड सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला लागला आणि १९७९ पासून ‘ड्रॅगन’ मासिकात लेख लिहू लागला. लेख असायचा एखाद्या राक्षसाबद्दल किंवा मंत्राच्या पोथीबद्दल, पण पोथी म्हटली की एडला ती कुणाची, तिला कातडं कसलं, कोणी चोरली, चोर कुठल्या खाणावळीत सापडला, सगळं सांगायचं असायचं. वाचणाऱ्यांना वाटायचं, याच्याकडे पोथी तर आहेच, पण बहुधा खाणावळीचं बिलही असणार. १९८६ च्या सुमारास टीएसआर या कंपनीला खेळासाठी नवीन जग हवं होतं. तिथल्या जेफ ग्रबने एडला फोन लावून विचारलं, की हे तू आयत्या वेळी ठोकून देतोस, की खरंच तुझ्याकडे घरी एवढं मोठं जग तयार आहे? एड म्हणाला, हो. दोन्हींना मिळून एकच हो. भगतमंडळींत हा फोन फार प्रसिद्ध आहे. आमच्या भगताने तो मला तीनदा ऐकवला आणि तिन्ही वेळा ‘हो’च्या आधी थांबून घोटभर कॉफी प्यायला.

मग एडने खोकी पाठवायला सुरुवात केली. पुठ्ठ्याची खोकी, एक-दोन नव्हे, काही डझन. आत पेन्सिलीने लिहिलेली टिपणं आणि नकाशांचे तुकडे. जग विकून त्याला पैसे मिळाले ते अगदी नाममात्र. १९८७ साली त्यातून पहिला संच निघाला. राखाडी रंगाच्या त्या पेटीला भगत प्रेमाने ‘जुनी राखाडी पेटी’ म्हणतात. आमच्या भगताकडे ती आहे. कोपऱ्यांना टेप लावलेली, झाकण एका बाजूला बसकं. तळघरातल्या फळीवर तिच्यावर किंवा तिच्याशेजारी काही ठेवायचं नाही असा घरात नियम आहे. त्याच्या बायकोने एकदा तिथे लोणच्याची बरणी ठेवली होती. ती अजून त्या दिवसाबद्दल बोलते. तो बोलत नाही.

त्यानंतर एड थांबलाच नाही. मार्गदर्शिका, कादंबऱ्या, नकाशांची पुस्तकं, लेख, सगळं धरून दोनशेच्या वर पुस्तकांना त्याचा हात लागला आहे म्हणतात. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांनी त्या फस्त केल्या, पण झुंजारच्या घरी नळाला पाणी किती वाजता येतं हे बाबूरावांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. एडला विचारतात. वॉटरडीप या त्याच्या लाडक्या शहरात नळ आणि तळघरं पाहणाऱ्यांचा संघ आहे, शेण झाडणाऱ्यांचा वेगळा संघ आहे. ड्रॅगन मारायला निघालेल्या माणसाला या माहितीचा उपयोग काय, असं मी विचारलं. भगत म्हणाला, “ड्रॅगन शहरावरून गेला की खाली कोण साफ करतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एवढं सगळं एका डोक्यातून आलं हे कुणाला पटेल? भगतांनाही पटत नाही. म्हणून त्यांनी आपसात एक सोयीची समजूत करून घेतली आहे: एड काही रचत नाही, एल्मिन्स्टर येऊन सांगतो आणि एड उतरवून घेतो. एल्मिन्स्टर म्हणजे रेल्म्समधला महाजादूगार. शॅडोडेल गावी मनोऱ्यात राहणारा, पाइप ओढणारा, बखरीतल्यासारखं जुनाट बोलणारा, आणि दाढी थेट एडची. गंमत म्हणजे या समजुतीला खतपाणी खुद्द एडनेच घातलं. १९९२ पासून ‘ड्रॅगन’मध्ये त्याने एक मालिका लिहिली. तिच्यात एल्मिन्स्टर आणि दुसऱ्या दोन जगांतले दोन मोठे जादूगार एडच्या घरी जमतात, नवे मंत्र एकमेकांना दाखवतात आणि घरातलं खाणं संपवतात. आणि यजमान? यजमान खोलीतल्या लोखंडी चिलखतात लपून ऐकतो आणि नंतर छापायला देतो. आपल्याच घरात, आपल्याच पात्रांपासून लपलेला लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही. संमेलनांतून एल्मिन्स्टरचा झगा घालून एड हजर झाला की भगत हात मिळवतात आणि वाकून विचारतात, “एड नाही आला का?”

भगताचं प्रेम असं थट्टेनेच चालतं. एडला हरवायचं हा त्यांचा आवडता खेळ. कुठला तरी असा प्रश्न काढायचा की ज्याचं उत्तर कुणी ठरवलेलंच नसेल. अमक्या दरीत लग्नात काय वाढतात? तमक्या बंदरातल्या वकिलाची फी किती? प्रश्न जातो, आणि काही दिवसांनी उत्तर येतं. ओळभर नाही, पानं. लग्नात काय वाढतात ते तर येतंच, पण कुठला पदार्थ वाढला की वधूकडचे नाराज समजायचे, हेही त्याच्यासोबत येतं. विचारणारा हरतो आणि लॉटरी लागल्यासारखा गावभर सांगत सुटतो. कधी एड म्हणतो, गोपनीयतेचा करार आहे, सांगता येत नाही. मग तर भगतांना झोप येत नाही. नसलेल्या गोष्टीवर कोण करार करतं?

मी एका शनिवारी त्याच्या तळघरातल्या डावाला गेलो. मला त्याने एक धर्मगुरू करून दिला, कारण धर्मगुरूला लढावं कमी लागतं. आम्ही एका सराईत शिरलो. मी आपलं सवयीने विचारलं, “इथे शाकाहारी काही मिळेल का?” टेबलावरची बाकी मंडळी हसली. भगत हसला नाही. त्याने फासा बाजूला ठेवला, उठला आणि फळीवरून ‘व्होलोज गाइड’चे खंड काढले. व्होलो हा त्या जगातला भटक्या भाट. खाणावळी आणि गुत्त्यांची वर्णनं लिहितो आणि बरेवाईटपणाला पाइपांच्या खुणा देतो, महागाईला नाण्यांच्या, जिवाच्या धोक्याला खंजिरांच्या. मधूनमधून एल्मिन्स्टर तळटीप टाकतो की हे खोटं आहे. म्हणजे एडच्या एका माणसाने लिहायचं आणि एडच्याच दुसऱ्याने खोडायचं. भगताने तीन खंड चाळले. दाराबाहेर ड्रॅगन ताटकळत होता. एकाने पिझ्झा मागवला, तो आला, संपला. शेवटी भगत चष्मा पुसत म्हणाला, “मशरूम नक्की मिळतील. डाळीचं एडला विचारावं लागेल.”

या पंथाला शत्रूही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की एल्मिन्स्टर सगळीकडे कडमडतो, सगळ्यांना वाचवतो, मग आम्ही खेळायचं कशाला? शिवाय म्हाताऱ्यावर देवीपासून राण्यांपर्यंत सगळ्या भाळतात, हे कुठल्या दाढीवाल्या ग्रंथपालाचं स्वप्न ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आमचा भगत तेही मान्य करतो, वर म्हणतो, “एवढी वर्षं लिहून माणसाने स्वतःला एवढंही देऊ नये?” आर. ए. साल्वाटोरेच्या ड्रिझ्ट या काळ्या एल्फचे चाहते संख्येने जास्त असतील, पण त्यांच्याकडे शेण झाडणाऱ्यांचा संघ नाही, याचा त्याला मूक अभिमान आहे.

२००८ साली खेळाच्या मालकांनी नवी आवृत्ती काढताना रेल्म्सचा काळ एकदम शंभर वर्षं पुढे ढकलला. जादूची देवी मारली, देश बुडवले, ओळखीची माणसं म्हातारपणाने गेली. नंतर त्यांनाच उपरती होऊन बरंचसं परत आणावं लागलं. भगताने या सगळ्याची दखलच घेतली नाही. राखाडी पेटीत जे साल होतं, रेल्म्सच्या पंचांगातलं १३५७, तेच त्याच्या तळघरात अजून चालू आहे. वर कॅलेंडर बदलतं, खाली नाही. एडनेही इतकी वर्षं मालकी दुसऱ्याची असूनसुद्धा लिहिणं सोडलं नाही, हे भगताला सगळ्यात मोठं वाटतं, पण असलं काही तो मोठ्याने बोलत नाही. मोठ्याने तो शिव्या देतो. त्याही एडच्याच. रेल्म्ससाठी एडने खास शिव्या घडवल्या आहेत, आणि ४०१ महामार्गावर कुणी आडवी गाडी घातली की भगत ओरडतो, “ह्रास्ट!” शेजारी बसलेल्याला वाटतं याला ठसका लागला.

आता नवी पिढी आली आहे ती कॉम्प्युटरवरून. २०२३ साली ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि ज्यांनी एडचं नाव ऐकलं नव्हतं ती पोरं त्याच्या गल्लीबोळांतून फिरू लागली. पुण्यातला माझा भाचा त्यांतलाच. फोनवर तो मला सांगत होता, “मामा, व्होलो म्हणून एक येडा आहे, त्याने माझ्या डोळ्यात सुई घातली! आणि एक म्हातारा जादूगार आला, एल्मिन्स्टर, तो आल्या आल्या खायलाच बसला. ब्रेड, चीज...”

भगत शेजारच्या खुर्चीत होता. मराठी त्याला कळत नाही, पण एल्मिन्स्टर कळतं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि इंग्रजीत, अगदी गंभीरपणे, पहिला प्रश्न विचारला, “कुठलं चीज?”

“अंकल, चीज म्हणजे... चीज,” भाचा म्हणाला.

तिथून जे सुरू झालं त्याला मी जबाबदार नाही. भाचा आता शनिवारच्या डावाला व्हिडिओवरून बसतो. आमच्याकडे संध्याकाळ असते, पुण्यात रविवारची पहाट. परवा ताईचा फोन आला. “अरे, तुझा तो कोण मित्र आहे, त्याला जरा विचार की. कॉलेजला आठ वाजता उठत नाही तो पोरगा रविवारी पहाटे पाचला आंघोळ करून बसतो, आणि विचारलं तर म्हणतो गटारांच्या युनियनची निवडणूक आहे!”