पंचेचाळीस पूर्ण

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये म्हणतात. शर्यतीच्या फॉर्मवर मात्र नावाच्या खालोखाल जन्मतारीखच मागतात, आणि ती भरताना मला चक्क आनंद झाला. शर्यतीच्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण! म्हणजे पंचेचाळीस ते एकोणपन्नासच्या गटात मी जवळजवळ शेंडेफळ. जगभर मास्टर्स ॲथलेटिक्स पस्तिशीला सुरू होतं आणि दर पाच वर्षांनी गट बदलतो. त्यामुळे चव्वेचाळिशीत आपल्याहून धाकट्यांकडून मार खाल्लेली बाई पुढच्या वाढदिवसाची वाट बघत बसते. केसांना रंग लावून वय चोरणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सांगून पटत नाही.

कॉलेजात मी क्रॉसकंट्री पळायचे. मग नोकरी, लग्न, मूल, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी असं करत शर्यत सुटली ती सुटलीच. पुन्हा बूट चढवले तेव्हा कळलं की आमच्या सोसायटीत प्रत्येक जण गुडघ्यांचा तज्ज्ञ आहे. एक मजला चढताना दोनदा कठडा धरणारे काकासुद्धा खालून ओरडतात, ‘‘वहिनी, गुडघे जातील हं!’’ बरं, गुडघे त्यांचे गेलेत, आणि न पळता गेलेत.

खरी गंमत पोटरीच्या खाली आहे. दम त्या मानाने लवकर परत येतो. काही आठवड्यांत हृदय-फुप्फुसं जुनी ओळख दाखवायला लागतात. टाचेमागची जाड शीर, डॉक्टर जिला अकिलीस टेंडन म्हणतात, ती महिनोन् महिने घेते. म्हणजे वर ‘आता सुटू या’ असा उत्साह आणि खाली सकाळी पलंगावरून पाय टेकताच कळ. परतलेले धावक बहुतेक याच मधल्या काळात फिजिओथेरपिस्टच्या दारात भेटतात. तिथे ओळखीही छान होतात.

आणि डोक्याचं काय? त्याला वाटत असतं, आपण परवाच थांबलो होतो. माझ्याकडे विद्यापीठाचं एक प्रमाणपत्र आहे, पिवळं पडलेलं, वेळ शाईनं लिहिलेली. त्या पोरीशी माझी आजही स्पर्धा चालू आहे आणि ती दर वेळी जिंकते. मोठ्या शर्यतींना पूर्वीच्या वेळेचा दाखला लागतो, पण अलीकडचा. शाईवाला चालत नाही. यावर उपाय म्हणून वयाच्या हिशेबाचे तक्ते निघाले आहेत. आपली वेळ त्या वयातल्या उत्तम वेळेशी ताडून टक्के काढायचे. मी ते टक्के घरी कौतुकानं दाखवले तर नवरा म्हणाला, ‘‘म्हणजे महागाई भत्ता धरून.’’ बँकेत आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

दाखल्यावरून फौजा सिंग आठवतात. उतारवयात ते पुन्हा पळायला लागले आणि 2011 साली टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन, तब्बल 42 किलोमीटर, त्यांनी आठ तासांहून थोड्या जास्त वेळात पुरी केली. पासपोर्टप्रमाणे तेव्हा वय शंभर. पण गिनेसवाल्यांना जन्माचा दाखला हवा होता, आणि 1911 सालच्या पंजाबातल्या खेड्यात तो कोण देणार? विक्रम नोंदला गेला नाही. शंभरीतसुद्धा कागदपत्रांपासून सुटका नाही, हे वाचून मला का कोण जाणे, फार आपलेपणा वाटला.

मी निवडली साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. 2012 साली सुरू झालेली ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जाते आणि निम्म्यावरून परत फिरते. ऐन पावसाळ्यात. अंतर 21 किलोमीटर, आणि पहिलं निम्मं चढाचं. आता बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराला, मागून चिप चिकटवलेली असते. आमच्या वेळी सर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभे असायचे. बदलल्या नाहीत त्या सेफ्टी पिना. माझी एक वाकडी निघाली, तर शेजारच्या साठीपुढच्या बाईंनी बांगडीतली काढून दिली. पायात महागडे बूट, मनगटावर जीपीएसचं घड्याळ, आणि त्याच मनगटात पिना अडकवलेली बांगडी!

घाटात पोरं ‘‘काकू, भारी! चला चला!’’ म्हणत पुढे जात होती. शिवी परवडली. पण वळणावर लेझीम घुमत होतं आणि धुक्यात पुढचा चढ दिसतच नव्हता, हा एक मोठाच फायदा. उतारावर दोन ‘चला चला’वाल्यांना मी गाठलं. मीही त्यांना ‘‘चला, बाळांनो’’ म्हणून घेतलं.

शेवटी पदक गळ्यात घालून केळं खात बसले तर पिनवाल्या बाई आल्या. अजिबात दमलेल्या नाहीत. मी विचारलं, ‘‘इतक्या आरामात?’’

‘‘अहो, यंदा माझं गटातलं शेवटचं वर्ष,’’ त्या बूट सोडता सोडता म्हणाल्या. ‘‘एकसष्टवाल्या फार पळतात. पुढच्या वर्षी पासष्ट पूर्ण होतायत. मग बघते एकेकीला.’’