पेण ते रोहा : गणिताची खोड लावून घेण्याबाबत नवशिक्यांना सूचना

आधी साहित्य. पेन्सिलीचा तुकडा, पाठकोरं बिल आणि वाया घालवायला वेळ. पहिल्या दोन वस्तू घरून आणाव्यात. तिसरी मुंबई-गोवा महामार्ग विनामूल्य पुरवतो. पाठांतर लागत नाही. दहावीला गणितात किती पडले होते हे कोणी विचारणार नाही, तुम्हीही आपणहून सांगू नका. पथ्य एकच, पण कडक: शेजाऱ्यासमोर ‘गणित’ हा शब्द काढायचा नाही. तो कानावर पडला की भलीभली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात. ‘एक गंमत सांगू का?’ एवढंच म्हणावं.

सुरुवात पेणला करावी, कारण इथे उदाहरणं फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेली असतात. शहरात किंवा हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या एखाद्या कारखान्यात शिरा. एक फुटी मूर्ती आणि हुबेहूब तशीच दोन फुटी मूर्ती बघा आणि सोबतच्याला विचारा, मोठीला रंग किती लागेल? तो म्हणेल, दुप्पट. पण उंचीबरोबर रुंदीही दुप्पट झाली आहे, म्हणून रंग चौपट. आणि माती? मूर्ती भरीव असेल तर आठपट, कारण पुढून मागची जाडीही दुप्पट झाली. एक फुटीचं वजन ४ किलो धरलं तर दोन फुटीचं ३२ आणि तीन फुटीचं १०८ किलो. मूर्ती आतून पोकळ ठेवली आणि कडेचा थर तेवढाच जाड राखला, तर दोन फुटीचं काम चौपट मातीत भागतं. मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याने ‘यंदा उंची फक्त दुप्पट करू’ असं म्हटलं, की हा हिशेब शांतपणे त्याच्यासमोर ठेवावा.

सूचना: ही चर्चा कारागिराशी करू नये, निदान श्रावणात तरी नाही. त्याला हे सगळं हातांनी माहीत असतं. शिवाय दोन फुटी मूर्तीला दुप्पटच पैसे देऊ करणारं गिऱ्हाईक त्याने सकाळपासून बरंच पाहिलेलं असतं.

पुढे वडखळ. इथे गाडी थांबली की दुसरा धडा काढावा. रोहा सुमारे ४० किलोमीटर; हिशेबाला सोपं म्हणून बरोबर ४० धरू. जाताना वाहतूक अशी तुंबली की वेग पडला ताशी २०. तर परतीला किती वेगाने यावं, म्हणजे जाऊनयेऊन सरासरी ताशी ४० पडेल? शेजारी म्हणेल, साठ. वीस आणि साठ यांच्या मधोमध चाळीस, झालं! त्याला लगेच अडवू नका. चहा येऊ द्या. मग विचारा: जाऊनयेऊन ८० किलोमीटर, ताशी ४० ने किती वेळ हवा? दोन तास. आणि नुसतं जायलाच किती लागला? दोन तास. म्हणजे परतीसाठी उरली शून्य मिनिटं. विमानाने आलात तरी ती सरासरी गाठता येत नाही. साठाने आलात तर जेमतेम ३० पडते. हळू चालताना जास्त वेळ जातो, त्यामुळे सरासरीत त्या रडतखडत वेगाचं वजन जास्त असतं. वेळ एकदा रस्त्यात गेला की वेगाने भरून काढता येत नाही, हे इथल्या प्रवाशाला पटवून द्यायला फार बोलावं लागत नाही. महामार्गाचं रुंदीकरण पुरं कधी होणार, हे कोडं मात्र नवशिक्यांनी हाती घेऊ नये.

ज्यांना रस्ता सोसत नाही त्यांनी दिवा-रोहा गाडी धरावी. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा: एका पैजेपुरता वेळ मिळतो. कोणतीही २३ माणसं निवडा. त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसं २३, हे कसं शक्य आहे, असं सगळे ओरडतील. ओरडू द्या. माणसं मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात आणि २३ जणांत जोड्या होतात २५३. माणसं ५० असली तर शक्यता ९७ टक्क्यांवर जाते. व्यवहारी सल्ला असा की डबा निवडताना वयस्कर मंडळी जास्त असतील तो निवडावा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारत न बसता गुरुजींनी ‘१ जून’ टाकून दिलेली ती पिढी आहे. सूत्र सगळ्या तारखा सारख्याच संभवतात असं धरून चालतं. गुरुजींनी तसं धरलं नव्हतं. पैज तुम्हीच जिंकाल.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं घालण्याची प्रथा पाळावी. होडीत माणसाबरोबर एकच वस्तू मावते. माणूस नसताना वाघ शेळीला आणि शेळी गवताला सोडत नाही. युरोपात हेच कोडं लांडगा, शेळी आणि कोबी घेऊन हजार वर्षांहून जास्त काळ चालू आहे. माणसं अडकतात ती एकाच ठिकाणी: पार नेलेली शेळी परत आणावी लागते आणि मिळवलेलं मागे न्यायला कोणी तयार होत नाही. एकूण खेपा सात. फार रेंगाळू नका, कारण मुख्य पदार्थ अजून यायचा आहे.

त्यासाठी लागतात चार आकडे. गाड्यांच्या नंबरप्लेटा चालतील, पण आपण पिनकोड घेऊ; तोही कोकणचाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशभर लागू झाला. पेणचा पिनकोड ४०२१०७. शेवटचे चार आकडे २१०७. ते मोठ्याकडून लहान असे मांडा, मग उलटे मांडा आणि वजा करा. पुढचा शून्य गाळू नका.

७२१० − ०१२७ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वरच तीच कृती करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी इथून हलत नाही. चारही आकडे सारखे नसले, तर कोणत्याही संख्येने सुरुवात करा, मुक्काम इथेच. जास्तीत जास्त सात पायऱ्या. ही जादू वाटली तरी तपासणं सोपं आहे: पहिल्या वजाबाकीनंतर उत्तर म्हणून फक्त ५४ संख्या शक्य असतात. त्या एकेक करून पाहायला रविवारची एक दुपार पुरते.

हे शोधून काढणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि निवृत्तीपर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी हा पोरखेळ समजला; १९७५ मध्ये लेखक मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिल्यावर जगाने नाव ऐकलं. माझ्या मते पोरखेळ हे दूषण नव्हेच. १२१, १२३२१ अशा संख्यांच्या एका कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून. स्टेशनावर उभं राहून संख्या सुचत असतील, तर गाडी उशिरा येण्याला तक्रार म्हणता येत नाही.

आता रोहा, ४०२१०९. शेवटचे आकडे २१०९. वजाबाकी करत जा: ९०८१, ९६२१, ८३५२, ६१७४. चार पायऱ्या, म्हणजे पेणपेक्षा एक जास्त. आणि वाटेवरचं नागोठणे, ४०२१०६? ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात! जास्तीत जास्त जेवढ्या लागू शकतात तेवढ्या. पेणला तीन, रोह्याला चार आणि सगळ्यात जास्त वेळ मध्ये नागोठण्याला. या वाटेने नेहमी जाणाऱ्याला हे सांगायला पेन्सिल लागली नसती.

आता तुमच्या गावाचा पिनकोड घ्या आणि शेवटच्या चार आकड्यांवर हीच कृती करा. सातच्या पुढे गेलात तर हातचा तपासा. चूक कापरेकरांची नाही.