मुकादमाशिवाय ओळख कोणाची?

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की वाशिमच्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर मुकादम येतो. उचल हातात ठेवतो, नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब मांडतो आणि बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर जातं. घरातला पोरगा बारावी झाला, तरी कामधंद्याचं विचारायला तांड्याबाहेरचा तोच एक माणूस. वाशिम शहरातल्या वकिलाच्या पोराला कोणता कोर्स घ्यावा, स्कॉलरशिपची शेवटची तारीख कधी, हे जेवता जेवता कळतं. हुशारी दोघांची सारखीच असते. खबर एकालाच लागते.

अशा ओळखींचं मोल शोधताना अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2022 साली अमेरिकेतल्या सात कोटींहून अधिक लोकांची फेसबुकवरची मैत्री तपासली. खात्यापित्या घरच्या मुलांना जितके सधन मित्र मिळतात तितके गरीब मुलांना मिळाले, तर मोठेपणी त्यांची कमाई सरासरी 20 टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा हिशेब आहे.

नुसती ओळख असून भागत नाही, हे मुंबईतल्या दादरनं दाखवलंय. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांचा तिथल्या शाळांवरचा 2006 सालचा अभ्यास सांगतो, की ज्या जातींत भाऊबंदांच्या ओळखीनं अंगमेहनतीचं काम मिळत होतं, त्यांचे मुलगे मराठी शाळेतच राहिले. त्या ओळखीच्या बाहेर असलेल्या मुली इंग्रजी शाळांकडे वळल्या. मुकादमाची ओळखही अशीच पोराला फडापर्यंत नेते आणि तिथंच ठेवते.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिम 2018 पासून आहे. आरोग्य, शिक्षण, शेती सगळं मोजलं जातं. मजुराचं आणि डॉक्टरचं पोर एका बाकावर बसतं का, हे कोण मोजतो? पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत ते बसायचं. ज्यांना परवडलं ते काँव्हेंटमध्ये गेले. खासगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांनी हे थोडं तरी जुळत होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं त्यालाही कात्री लावली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खासगी शाळेला सूट! मुंबई उच्च न्यायालयानं 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला, म्हणून जागा वाचल्या. सरकारला हे सुचलंच कसं, याचा राग अजून जात नाही.

आता कारंजा-मंगरुळपीरच्या काँव्हेंटमध्ये मजुराच्या पोरीला जागा मिळेल. तिला कोणाशेजारी बसवायचं ते वर्गशिक्षिका ठरवतील, आणि वाढदिवसाला घरी बोलवायचं की नाही ते शेजारच्या पोरीची आई.