तेहतिसाला एक

न्यूझीलंडहून परत येऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत एकाही माणसाने मला तिथल्या रेल्वेबद्दल विचारलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी घाट सेक्शनला ड्रायव्हर होतो. ‘लोको पायलट’ हे नाव नंतर आलं, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी विमानाच्या तिकिटात काही सवलत मिळते का, अशी चौकशी केली होती. नोकरीची बहुतेक वर्षं कर्जतला बँकरवर गेली. बँकर म्हणजे काय, हे मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसालाही सांगावं लागतं, कारण बँकर लागतो तेव्हा तो वडा घ्यायला फलाटावर उतरलेला असतो. कर्जतला गाडी थांबते, मागे दोन-तीन इंजिनं लागतात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून चढ तोच आहे. सदतिसाला एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला काही वाटत नाही. अठरा-वीस डबे घेऊन जाऊन बघा. त्यात मुंबईकडून येणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाऊन’. त्यामुळे मी आयुष्यभर डाऊन गाड्या वर चढवल्या. घरी हे समजावून सांगण्याचा नाद मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडला.

वड्याची कीर्ती झाली ती बँकरमुळे. गाडी थांबली नसती तर वडा कोणी घेतला असता? पण लोकांच्या तोंडी वड्याचं नाव राहिलं. १० फेब्रुवारी २०२३ पासून तर वंदे भारत बँकर न घेताच घाट चढून जाते. तिला एकाआड एक डब्यात जोर आहे. असो.

लेक ऑकलंडला असते. ती फोनवर म्हणाली, “बाबा, जन्मभर डोंगरातच राहिलात. आता जरा डोंगर बघायला या.”

विमानात एक फॉर्म दिला. त्यात खाण्याचे पदार्थ, बिया, प्राण्यांची कातडी, रानात वापरलेले बूट, सगळ्याची चौकशी होती. मी रेल्वेचा माणूस. फॉर्म खरा भरतो. आदल्या आठवड्यात बहिणीकडे खालापूरला गेलो होतो, तिच्या वालाच्या शेतातून फिरलो होतो, तेच बूट पायात होते. ‘हो’वर खूण केली. विमानतळावरच्या माणसाने बूट मागून घेतले, आत नेले आणि दहा मिनिटांनी धुऊन, पुसून परत आणून दिले, वर ‘थँक यू’ म्हणाला. त्या बुटांना आजवर कोणी पाणी लावलं नव्हतं, मी धरून. खालापूरची माती सात समुद्र पार करून एका बेसिनमध्ये गेली. या देशाला कशाची एवढी भीती वाटते, ते पुढे कळलं.

त्यांच्या रानात साप नाहीत. एकही नाही. जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर वटवाघूळ. मी पहिले आठ दिवस गवतातून जाताना सवयीने पाय आपटत चालत होतो. रात्रीच्या ड्युटीला रुळांच्या कडेने चालताना लागलेली सवय. जावई म्हणाले, “बाबा, इथे काही नाही.” मग एवढं रान राखलं आहे कोणासाठी? तर पक्ष्यांसाठी. त्यातला राष्ट्रीय पक्षी उडत नाही आणि दिवसा दिसत नाही. त्याला बघायला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. काचेपलीकडे, पाचोळ्यात, काहीतरी खुडबुडलं. सगळे “आहाहा” म्हणाले. आमच्या पडवीत रोज रात्री अशीच खुडबुड होते. तिथे आम्ही पिंजरा लावतो.

काजव्यांचंही तसंच. वायटोमोच्या गुहेत होडीत बसवून, फोटो काढायचा नाही, बोलायचं नाही अशी तंबी देऊन काळोखात नेतात. वर छताला हिरवट निळे ठिपके. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. मी हळूच म्हटलं, “आपल्याकडे मिरगाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकतात.” आमच्या हिने कोपर मारलं. बाहेर आल्यावर कळलं की हे काजवे नव्हेतच, एका माशीच्या अळ्या आहेत. चिकट धागे सोडून बसतात, उजेडाला भुलून चिलटं येतात, अडकतात, अळी खाते. जितकी उपाशी तितकी जास्त चमकते. म्हणजे डॉलर मोजून आम्ही भुकेल्यांकडे बघत होतो. आमचे काजवे निदान लग्न जमवण्यासाठी चमकतात.

मग दक्षिण बेट, मिलफर्ड साउंड. त्या खाडीवर वर्षाला सहा हजार आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आम्ही गेलो त्या दिवशी तो पडत होता. बोटीवरचा गाइड म्हणाला, “तुम्ही नशीबवान आहात.” कर्जतच्या माणसाला पावसात उभं करून नशीबवान म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी. सर्वांना रेनकोट वाटले आणि बोट एकशे एक्कावन्न मीटरच्या स्टर्लिंग धबधब्याखाली नेऊन उभी केली. तुषार अंगावर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाटात जुलै महिन्यात बोगद्याच्या तोंडावर असंच पाणी कोसळतं आणि इंजिनाच्या बाजूच्या खिडकीतून आत येतं. त्याला आम्ही ‘अनुभव’ म्हणत नव्हतो. ‘गळती’ म्हणून रजिस्टरमध्ये लिहायचो.

धबधब्यापेक्षा मला तिथली माशी पटली. चिलटाएवढी, पण चावली की आठवडाभर खाज. माओरी लोकांची कथा अशी, की ही जागा इतकी सुंदर झाली की माणसं कामधाम सोडून इथेच बसतील, अशी काळजी मृत्यूच्या देवीला वाटली, म्हणून तिने या माश्या सोडल्या. इतकी दूरदृष्टीची योजना आमच्याकडे कोणाला सुचली नाही. आमच्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचा हुकूम निघतो. सोलनपाडा असो, पाली-भुतिवली असो, खोपोलीचा झेनिथ असो. आणि बंदी नक्की कुठे आहे हे बघायला रविवारी मुंबईहून हजारभर लोक येतात. ते चावत नाहीत, पण भिवपुरीच्या फाट्यावर गाडी आडवी लावतात.

आता रेल्वे. इथे थोडा वेळ घेणार आहे.

क्राइस्टचर्च ते ग्रेमाऊथ, दोनशे तेवीस किलोमीटर, डोंगरातून. जगातल्या सुंदर रेल्वेप्रवासांमध्ये त्याचं नाव घेतात. तिकीट जावयांनी काढलं, किंमत सांगितली नाही, ते बरं केलं. गाडीला एक डबा बाजूंनी उघडा असतो. तिकडे उभं राहून वारा खायचा, केस उडू द्यायचे, ओरडायचं. कर्जत लोकलच्या दारात हेच केलं तर दंड होतो. मी त्या डब्यात दांडी धरून उभा राहिलो आणि सवयीने सिग्नल बघू लागलो. बाकीचे बर्फ बघत होते.

आर्थर्स पासला गाडी थांबली. तिथे केया नावाचा हिरवा पोपट असतो. डोंगरावर राहणारा, भलताच हुशार, कायद्याने संरक्षित. तो उभ्या मोटारींच्या वायपरचं आणि काचांचं रबर उपटून काढतो. आमच्या समोर त्याने एका मोटारीचं रबर हातभर ओढून काढलं आणि मोटारीचा मालक कौतुकाने त्याचे फोटो काढत होता. माथेरानला माकडाने पिशवी पळवली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. माकडाला एक चांगला माहितीफलक मिळाला असता तर त्याचंही दैव उघडलं असतं.

त्यानंतर ओटिराचा बोगदा. साडेआठ किलोमीटर, १९२३ साली खुला झाला. बोगद्याचं एक तोंड दुसऱ्यापेक्षा अडीचशे मीटरने खाली आहे. गाडी आत शिरण्यापूर्वी उघडा डबा बंद करतात, सगळ्यांना आत बसवतात. धूर काढायला भला मोठा पंखा आहे, एका तोंडाला दरवाजा आहे. हे सगळं कानाला लावलेल्या यंत्रातून सांगत होते आणि सांगता सांगता चढ सांगितला. तेहतिसाला एक.

मी यंत्र काढून परत लावलं. हिला विचारलं, “किती म्हणाले?” ती म्हणाली, “कुठल्याशा राणीचं नाव होतं.”

पुण्याच्या घाटापेक्षा जास्त खडा चढ, आणि तो ज्या देशात जेमतेम माणसं, त्या देशात. सदतिसाला एक हा आकडा मी किती लोकांना ऐकवला आहे! नव्या असिस्टंटला, पाहुण्यांना, मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला. घाट म्हणजे आपला घाट, असं छातीठोक सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे मनाशी हिशेब केला, की त्यांच्या त्या चढावर बोगदा एक, आमच्या घाटात पंचवीसच्या वर. ते चढतात अडीचशे मीटर, आम्ही अठ्ठावीस किलोमीटरमध्ये साडेपाचशेहून जास्त. मग डोळा लागला.

त्याच दिवशी, बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा, ओटिरा स्टेशनात कोळशाची मालगाडी उभी होती. घाटासाठी जादा इंजिनं लावलेली. मी खिडकीला नाक लावून मोजली. पण सगळी पुढे. एकामागोमाग एक, तोऱ्यात, फोटोत येतील अशी. आम्ही मागून ढकलतो. मागच्या इंजिनाला पुढचं काही दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरची शिट्टी ऐकायची, आपल्या शिट्टीने जबाब द्यायचा आणि जोर लावायचा. पावसात, धुक्यात, बोगद्यात. लोणावळा आलं की सुटायचं. गाडी पुढे निघून जाते, डब्यातल्या माणसाला मागे कोणी होतं हेही माहीत नसतं. हे सगळं मी शेजारच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांना हातवारे करून समजावलं. त्यांनी मला चॉकलेट दिलं.

आणि मग क्वीन्सटाउन, तिथून कावाराउ पूल. १९८८ साली इथेच पैसे घेऊन माणसांना पायाला दोरी बांधून उडी मारू देण्याचा जगातला पहिला कायमचा धंदा सुरू झाला. पूल त्रेचाळीस मीटर उंच, खाली निळी नदी. लेकीने तिकीट काढलं होतं जावयांसाठी. जावई खाली वाकून बघून आले आणि पाठ धरली आहे म्हणाले. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे कळल्यावर आमची ही म्हणाली, “वाया कशाला घालवायचं? मी जाते.” ही बाई लोणावळ्याला टायगर पॉइंटच्या कठड्याजवळ जात नाही.

आधी वजन करतात आणि आकडा हाताच्या पंजावर शाईने लिहितात. माझ्यापासून अडतीस वर्षं लपवून ठेवलेला आकडा तिने त्या पोराला हसत हसत लिहू दिला आणि तोच हात हलवत मला पर्स दिली. “ही धरा.” मी धरली. तिने महडच्या वरदविनायकाचं नाव घेतलं आणि गेली. वर-खाली, वर-खाली, दोनदा. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू शकलो नाही, हातात पर्स होती.

त्या उडीची चित्रफीत लेकीने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. आम्ही कर्जतला उतरलो तेव्हा ती रिक्षा स्टँडपर्यंत पोचली होती. दूधवाला, किराणावाला, माझ्याबरोबर बँकरवर काम केलेले दोघे, सगळे घरी येऊन गेले. “वहिनी, भीती नाही वाटली?” ती सांगते. मग माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही?” मी म्हणतो, “तिथल्या घाटाचा चढ तेहतिसाला एक आहे.” ते म्हणतात, “हो का?” आणि परत तिच्याकडे वळतात.

भाच्याने खालापूरला कृषी पर्यटन काढलं आहे. खालापूर म्हणजे टोलनाका एवढंच माहीत असलेली माणसं एक्स्प्रेस वेवरून उतरून त्याच्याकडे येतात, चुलीवरची भाकरी खातात, बैलगाडीत बसतात आणि भात लावायचे पैसे देतात. हो, लावणारेच देतात. बहिणीच्या ज्या शेताची माती तिकडे धुऊन काढली, त्याच शेतात आता त्यांना मुद्दाम चिखलात उतरवतात. गेल्या महिन्यात तो आला. म्हणाला, “मामा, रात्री शेकोटीभोवती पाहुण्यांना काहीतरी अनुभवाच्या गोष्टी लागतात.” मी लगेच उठलो. जुने डब्ल्यूसीजी-२ इंजिनाचे फोटो, शिट्ट्यांचे संकेत, मंकी हिलचा तो पावसाळा, सगळं डोक्यात तयार होतं. कपाटातून फाइल काढली.

तो म्हणाला, “मामी कुठे आहेत?”

आता दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिला न्यायला गाडी येते. ती मोठ्या पडद्यावर चित्रफीत दाखवते, मग प्रश्न घेते. मीही जातो. मागे बसतो, कळ दाबून पडदा चालू-बंद करतो. पर्स माझ्याकडे असते.